वन्समोअर नाकारणारा माणूस : आर्तुरो तोस्कानिनी

आजोबांच्या तोंडून संगीत नाटकांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर, मग आणखी एक वन्समोअर, आणि असं करता करता नाटक पहाटेपर्यंत लांबलेलं. आजोबा सांगायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ती रात्र दिसायची. त्यामुळे वन्समोअर न देणारा कलाकार म्हणजे उद्धट, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. पुढे एका इटालियन माणसाची गोष्ट वाचली आणि त्या समजुतीला पहिल्यांदा तडा गेला.

1903 साल, मिलान शहर, ला स्काला नाट्यगृह. मोसमातला शेवटचा प्रयोग, वेर्दी या इटालियन संगीतकाराचा 'उन बाल्लो इन मास्केरा' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक. जोव्हान्नी झेनातेल्लो या गायकाचं पद रंगलं आणि लोकांनी 'बिस, बिस' असा गजर सुरू केला. इटलीतला वन्समोअर तो हाच. वाद्यवृंदासमोर उभ्या असलेल्या 36 वर्षांच्या कंडक्टरनं ते पद पुन्हा घ्यायला नकार दिला. आरडाओरडा थांबेना, तेव्हा प्रयोग अर्धवट टाकून तो निघून गेला आणि पुढची तीन वर्षं त्या नाट्यगृहात काम करायला परतला नाही. त्याचं नाव आर्तुरो तोस्कानिनी.

हा नुसता तापटपणा होता का? तापट तो होताच, त्याबद्दल पुढे येईलच. पण याच माणसानं पुढे मुसोलिनीला आणि हिटलरलाही नकार दिला. प्रेक्षकांना दिलेला नकार आणि हुकूमशहांना दिलेला नकार एकाच मुळातून आलेले आहेत असं मला वाटतं. ते मूळ सापडायला आधी कंडक्टर नेमकं करतो काय, हे कळायला हवं.

पहिल्यांदा सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो : हा माणूस स्वतः तर एकही सूर वाजवत नाही, मग हवा कशाला? आपल्या मैफलीत गायक, तबलजी आणि पेटीवाला एकमेकांकडे बघतात, मान हलते आणि सम जुळते. वेगळा हात दाखवणारा कुणी लागत नाही. खरं आहे, पण आपल्याकडे मंचावर चार-पाच माणसं असतात आणि ती हाताच्या अंतरावर बसलेली असतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद वादक असतात. पुढच्या व्हायोलिनपासून मागच्या नगाऱ्यांपर्यंत पंधरा-सतरा मीटरचं अंतर सहज पडतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. मागचा वादक पुढच्याचा सूर ऐकून वाजवायला गेला तर तो उशिरा पोचणार, आणि द्रुत लयीत तेवढा उशीर कानाला टोचतो. म्हणून डोळ्यांनी बघायची एक खूण लागते. हाताची हालचाल सगळ्यांना एकाच क्षणी दिसते.

पण एवढ्यावर भागलं असतं तर टिकटिक करणारं यंत्रही पुरलं असतं. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात घ्या. ती चार स्वरांची थाप कधी ना कधी प्रत्येकाच्या कानावर पडलेली असते. कागदावर मात्र ती स्वरानं सुरू होतच नाही. पहिल्या मात्रेचा पहिला अर्धा भाग मोकळा आहे, तिथे विश्रांतीचं चिन्ह आहे, आणि त्यानंतर तीन छोटे स्वर आणि एक लांब. आपल्याकडे एखादी बंदिश समेनंतरच्या अर्ध्या मात्रेवर उठावी तसं. म्हणजे कंडक्टरला पहिला ठोका शांततेवर द्यायचा असतो. त्याआधी हात वर उचलताना, आवाज व्हायच्या आधीच, त्याला लय, जोर आणि स्वभाव हे सगळं सांगून टाकावं लागतं. हात किती वेगानं वर गेला, कुठे अडला, खाली किती वजनानं आला, यावरून साठ-सत्तर माणसं एका श्वासात उडी घेतात. उचललेला हात डळमळला की ती थाप विस्कटते. मैफलीतला तो एक क्षण सोडला तर बाकी सगळं काम आधी, तालमीत झालेलं असतं.

तालमीतलं काम म्हणजे कागद वाचणं. कंडक्टरपुढच्या स्कोअरमध्ये वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक असतात, प्रत्येक वाद्याची एक. त्या एकाच वेळी डोक्यात वाजल्या पाहिजेत. शिवाय क्लॅरिनेट, हॉर्न यांसारख्या वाद्यांसाठी कागदावर एक स्वर लिहिलेला असतो आणि कानाला दुसराच ऐकू येतो, तो हिशेब वेगळा. कुठल्या जागी ओबो हे फुंकवाद्य वर यावं, कुठे तंतुवाद्यांनी मागे सरावं, हे तालमीत ठरतं. ऑपेरात याच्या जोडीला रंगमंचावरचे गायक, कोरस, पडदे, दिवे, आणि समोरच्या खड्ड्यात बसलेला वाद्यवृंद. गायकाचा श्वास कुठे तुटेल याचा अंदाज खड्ड्यातून घ्यायचा असतो.

तोस्कानिनी 25 मार्च 1867 रोजी पार्मा शहरात जन्मला. वडील क्लाउदिओ शिंपी होते आणि इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या फौजेत लढलेले. घरी पैसा नव्हता. मुलगा पार्माच्याच संगीत विद्यालयात चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ, शिकला आणि 1885 मध्ये बाहेर पडला. पुढच्याच वर्षी एका फिरत्या ऑपेरा कंपनीबरोबर चेलोवादक म्हणून ब्राझीलला गेला.

रिओ द जानेरो, 30 जून 1886. त्या रात्री वेर्दीचा 'आइदा' होता. कंपनीचा ब्राझिलियन कंडक्टर भांडून निघून गेला होता. त्याच्या जागी आलेल्याला प्रेक्षकांनी ओरडून घालवलं. प्रयोग बुडायची वेळ आली, तेव्हा सोबतच्या वादकांनी एकोणीस वर्षांच्या या चेलोवाल्याला पुढे ढकललं. तो चौथऱ्यावर चढला, समोरचा स्कोअर मिटून ठेवला आणि संपूर्ण 'आइदा' मुखोद्गत चालवला. हा आव आणलेला नव्हता. त्याची नजर फार अधू होती, हातभर अंतरावरचा कागद धड दिसत नसे, म्हणून सगळं पाठ करायची सवय लागलेली. ती त्यानं जवळजवळ सत्तर वर्षं सोडली नाही.

वादकांमध्ये एक किस्सा सांगतात. प्रयोगाच्या आधी बासून हे फुंकवाद्य वाजवणारा एक जण घाबरून आला, वाद्याची एक कळ तुटली आहे, अमुक स्वर वाजणार नाही. तोस्कानिनी डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, काळजी करू नकोस, आज रात्री तुला तो स्वर नाहीच. किस्सा म्हणूनच घ्यावा. पण त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या लोकांना तो खरा वाटायचा, हेही काही कमी नाही.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची घटना रिओनंतरची आहे. इटलीत परतून त्यानं पुन्हा चेलो हातात घेतला, कारण ला स्कालामध्ये 5 फेब्रुवारी 1887 रोजी वेर्दीच्या 'ओतेल्लो'चा पहिला प्रयोग होणार होता आणि त्याला तो आतून, वादकांत बसून पाहायचा होता. वेर्दी तेव्हा 73 वर्षांचा होता आणि तालमींना स्वतः हजर असायचा. पहिल्या अंकाच्या शेवटी ओतेल्लो आणि देस्देमोना यांचं प्रेमगीत येतं, त्याच्या तोंडाशी चार चेलोंचा एक नाजूक तुकडा आहे. तोस्कानिनी त्यात दुसऱ्या चेलोवर होता. कागदावर अगदी हळू वाजवा असं लिहिलेलं, म्हणून तो तसंच वाजवत होता. तालीम थांबल्यावर वेर्दीनं दुसऱ्या चेलोला सांगितलं, जरा मोठ्यानं वाजव. इतकं हळू की ऐकूच येत नाही, असं त्याला नको होतं.

दुसरी गोष्ट 1898 ची. वेर्दीच्या अखेरच्या धार्मिक रचना इटलीत पहिल्यांदा तूरिनमध्ये सादर होणार होत्या. त्यातल्या 'ते देउम'मधल्या एका जागेबद्दल शंका होती, म्हणून तोस्कानिनी जिनोआला वेर्दीच्या घरी गेला. पियानोवर वाजवताना एका जागी त्यानं लय किंचित ओढून धरली. कागदावर तशी खूण नव्हती, पण त्याला तिथे ती हवीशी वाटत होती. वेर्दीनं पाठ थोपटली. तिथे लय ओढायचीच आहे, पण लिहिलं असतं तर कंडक्टरांनी ती फारच ताणली असती, म्हणून मुद्दाम लिहिलं नाही, असं त्यानं सांगितलं.

आपल्याला हे नवं नाही. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली बंदिश पाहून कुणी ती गाऊ शकत नाही. स्वर आणि मात्रा कागदावर असतात, पण स्वर कसा लावायचा, कुठे रेंगाळायचं, हे गुरूच्या गळ्यातून येतं. पाश्चात्त्य संगीतात कागदावर खूप अधिक लिहिलेलं असतं, तरीही शेवटचा थर कागदाबाहेरच राहतो. तोस्कानिनीची ख्याती 'लिहिलंय तसं' वाजवणारा अशी झाली, आणि अनेकांनी ती कोरडेपणाची निशाणी मानली. मला ते पटत नाही. कागदाशी इतकं झुंजल्याशिवाय कागदाबाहेरची जागा दिसत नाही, आणि ती बरोबर दिसली याचा निर्वाळा त्याला खुद्द वेर्दीकडून मिळाला होता.

त्या काळी इटलीत ऑपेरा म्हणजे निम्मा सामाजिक मेळावा असायचा. दिवे उजळलेले, बायकांच्या डोक्यावर मोठ्या टोप्या, लोक गप्पा मारतायत. गायक वाट्टेल तिथे सूर ताणून टाळ्या घेतायत. लिओनकावाल्लोचा 'पाल्याच्ची' 1892 मध्ये आणि पुच्चिनीचा 'ला बोहेम' 1 फेब्रुवारी 1896 रोजी तूरिनमध्ये, असे दोन गाजलेले पहिले प्रयोग गाठीशी असलेला तोस्कानिनी 1898 मध्ये ला स्कालाचा मुख्य कंडक्टर झाला आणि त्यानं ही सगळी घडी बदलायला घेतली. प्रेक्षागृहात अंधार, टोप्या उतरवा, वन्समोअर बंद. कारण साधं होतं. ऑपेराचा अंक म्हणजे एक सलग रचना. एखादं पद मध्येच दोनदा झालं की संगीतकारानं बांधलेला चढ मोडतो. आपल्या संगीत नाटकाची बांधणी वेगळी होती, तिथे पद हा थांबून रमायचा मुक्काम होता, आणि आजोबांची ती रात्र मला आजही खोटी वाटत नाही. पण वेर्दीच्या त्या अंकावर पहिला हक्क वेर्दीचा, हे तोस्कानिनीचं म्हणणंही मला आता कळतं.

1908 मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेला. 1910 मध्ये तिथे त्यानं पुच्चिनीच्या 'ला फांच्युल्ला देल वेस्त'चा पहिला प्रयोग केला, नायकाच्या भूमिकेत एन्रिको कारुसो. पहिल्या महायुद्धात इटलीला परतला आणि लष्करी बँड घेऊन थेट आघाडीवर गेला. मग ला स्कालाची दुसरी कारकीर्द, आणि तिच्यातली ती संध्याकाळ.

25 एप्रिल 1926. पुच्चिनी वारून दीड वर्ष झालेलं, त्याचा शेवटचा ऑपेरा 'तुरानदोत' अपुरा राहिलेला. फ्रांको आल्फानो या संगीतकारानं टिपणांवरून शेवट पूर्ण केला होता. पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या अंकात दासी ल्यू मरते, तिची प्रेतयात्रा रंगमंचावरून निघून जाते, एक उंच, बारीक सूर हवेत राहतो. तिथे तोस्कानिनीनं बॅटन, म्हणजे कंडक्टरच्या हातातली छडी, खाली ठेवला. प्रेक्षकांकडे वळला आणि ऑपेरा इथे संपतो, कारण इथेच माएस्त्रोचा, म्हणजे उस्ताद पुच्चिनीचा, मृत्यू झाला, अशा अर्थाचं दबक्या आवाजात बोलला. पडदा आला. आल्फानोचा शेवट पुढच्या प्रयोगापासून सुरू झाला. त्या रात्रीची आणखी एक बाजू आहे. मुसोलिनी त्या दिवसांत मिलानमध्ये होता. तो येणार तर फॅसिस्टांचं 'जोविनेत्सा' हे गीत वाजवावं लागेल, असं सांगण्यात आलं. तोस्कानिनीनं साफ नाही म्हटलं. मुसोलिनी आला नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. 1919 च्या निवडणुकीत हाच तोस्कानिनी मिलानमध्ये मुसोलिनीच्या यादीतून उमेदवार म्हणून उभा होता. मुसोलिनीचा फॅसिस्ट पक्ष तेव्हा नुकता जन्मला होता, राजेशाहीविरोधी भाषा करत होता आणि ती यादी सपाटून आपटली. लवकरच तोस्कानिनीला त्याचं खरं रूप कळलं आणि त्यानं पाठ फिरवली. चूक झाली होती, ती त्यानं दुरुस्त केली, आणि दुरुस्तीची किंमतही मोजली.

ती किंमत बोलोन्यात मोजावी लागली. 14 मे 1931, जुझेप्पे मार्तुच्ची या संगीतकाराच्या स्मरणार्थ कार्यक्रम. मंत्री येणार होते, म्हणून सुरुवातीला राजगीत आणि 'जोविनेत्सा' वाजवा अशी मागणी झाली. स्मृतीच्या मैफलीत हे बसत नाही, असं त्यानं सांगितलं. नाट्यगृहाच्या दारात गाडीतून उतरताना फॅसिस्टांच्या टोळक्यानं त्याला गाठलं, वाजवणार का विचारलं, आणि नाही म्हणताच त्याच्या तोंडात मारल्या. तो 64 वर्षांचा होता. हॉटेलबाहेर जमाव घोषणा देत राहिला. नंतर त्याचा पासपोर्ट काही काळ काढून घेण्यात आला. त्यानंतर फॅसिस्ट राजवट असेपर्यंत तो इटलीत पुन्हा उभा राहिला नाही.

जर्मनीतल्या बायरॉइटला, वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, 1930 आणि 1931 मध्ये त्यानं ऑपेरा चालवले होते. वाग्नर म्हणजे त्याचं दैवत, आणि हा मान त्याला अतोनात प्रिय होता. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, ज्यू संगीतकारांना हाकलणं सुरू झालं. हिटलरनं स्वतः पत्र लिहून यायची विनंती केली, तरी तो गेला नाही. 1938 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रिया हिटलरपुढे वाकतोय असं दिसताच झाल्झबुर्गचा महोत्सवही सोडला. प्रेक्षकांना नाही म्हणताना त्यानं फक्त रोष पत्करला होता. बायरॉइटला नाही म्हणताना त्याला स्वतःचीच आवडती गोष्ट तोडून द्यावी लागली. म्हणून मला तो नकार अधिक मोठा वाटतो.

आणि एक होकारही. जर्मनी आणि पूर्व युरोपातून हुसकावलेल्या ज्यू वादकांना घेऊन ब्रोनिस्लाव हुबरमान या व्हायोलिनवादकानं पॅलेस्टाइनमध्ये ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याची पहिली मैफल 26 डिसेंबर 1936 रोजी तेल अवीवला झाली. तोस्कानिनी स्वतःच्या खर्चानं गेला, मानधन घेतलं नाही. नाझींनी ज्याचं संगीत बंद केलं होतं त्या मेंडेल्सनलाही त्यानं तिथे मानाची जागा दिली. हाच ऑर्केस्ट्रा पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि त्याच 1936 च्या एप्रिलमध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता काही दशकं त्याचे संगीत-दिग्दर्शक होते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची धुराही, जी तोस्कानिनीनं 1936 मध्ये खाली ठेवली होती, मेहतांनी 1978 पासून 1991 पर्यंत वाहिली.

अमेरिकेत एनबीसी या रेडिओ कंपनीनं सत्तरीच्या तोस्कानिनीसाठी खास नवा ऑर्केस्ट्रा उभारला. 1937 च्या नाताळच्या रात्री तो पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभा राहिला आणि पुढची 17 वर्षं लाखो घरांत सिम्फनी रेडिओवरून पोचत राहिली. त्याची बहुतेक ध्वनिमुद्रणं याच काळातली. ती ऐकताना एक लक्षात ठेवा. बरीचशी स्टुडिओ 8एच मध्ये झाली, आणि त्या खोलीत आवाजाला घुमारा जवळजवळ नव्हता. ध्वनी कोरडा, टणक येतो. तो दोष बराचसा भिंतींचा आहे.

त्याच्या तालमींचीही ध्वनिमुद्रणं आहेत. ती ऐकवत नाहीत. किंचाळणं, शिव्या, बॅटन मोडणं. 1919 मध्ये तूरिनला एका व्हायोलिनवादकाला त्याच्या रागापायी इजा झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मोठ्या कलाकाराचा राग म्हणून हे गोड मानून घेणाऱ्यांपैकी मी नाही. महिन्याच्या पगारावर वाजवणाऱ्या माणसाला उलट बोलायची सोय नव्हती. कागदाबद्दलचा त्याचा दावाही शंभर टक्के खरा नव्हता. चायकोव्हस्कीच्या 'मानफ्रेड'मध्ये त्यानं बरीच काटछाट केली, दब्युसीच्या 'ला मेर'मध्ये वाद्यांची मांडणी ठिकठिकाणी बदलली. संगीतकाराचा शब्द शेवटचा मानणाऱ्यानं हे करावं का? त्याचं उत्तर असतं की संगीतकाराला जे ऐकू यायला हवं होतं ते ऐकू यावं म्हणून. वेर्दीनं दुसऱ्या चेलोला मोठ्यानं वाजव म्हटलं होतं, ते त्याच्या डोक्यात राहिलं असावं.

युद्धात बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं ला स्काला पुन्हा बांधलं गेलं, तेव्हा 11 मे 1946 रोजी उद्घाटनाच्या मैफलीला 79 वर्षांचा तोस्कानिनी आला. रेनाता तेबाल्दी ही तरुण गायिका त्या मैफलीत गायली. शेवटची मैफल 4 एप्रिल 1954, न्यूयॉर्क, कार्नेगी हॉल, सगळा वाग्नर. 'टानहॉयझर'च्या एका भागात, आयुष्यभर साथ दिलेली स्मृती पहिल्यांदा दगा देऊन गेली. हात थबकला. रेडिओवाल्यांनी घाईनं थेट प्रक्षेपण तोडून ब्राम्सची तबकडी लावली. पहिल्या चेलोवर बसलेल्या फ्रँक मिलरनं खुणा करून वादकांना सावरून नेलं. शेवटची रचना कशीबशी पार पडली आणि तो चौथरा उतरून गेला. 16 जानेवारी 1957 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. दफन मिलानमध्ये झालं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी? 1946 चा 'ला बोहेम' घ्या. पहिल्या प्रयोगानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच माणसानं रेडिओवर चालवलेला. गायकांच्या मागे अधूनमधून एक घोगरा, म्हातारा आवाज सोबत गुणगुणताना ऐकू येतो. तो त्याचाच. मग 1947 चा 'ओतेल्लो' लावा. पहिल्या अंकाच्या शेवटी वादळ शमलेलं असतं, माणसं पांगलेली असतात, रंगमंचावर दोघंच उरतात. आधी एकटा चेलो येतो. मग बाकीचे तीन त्याला येऊन मिळतात.